आग होणे हीच गुणाची खूण

मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका वाचनालयाने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि एका तरुण प्राध्यापकाने माझी ओळख करून देताना सांगितलं की इंग्रजी अमलात वऱ्हाडात ज्यांनी निर्भीडपणे वर्तमानपत्र चालवलं, त्यांच्यातले हे शेवटचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान लववली. वर्तमानपत्र मी कधीच चालवलं नव्हतं. त्यात मी छपाईचे खिळे जुळवत होतो, मुद्रितं तपासत होतो आणि जाहिराती लिहीत होतो. निर्भीड तर मी आयुष्यात एकदाही नव्हतो.

सत्कारानंतर परिसंवाद होता. सरकारने वर्तमानपत्रांना आणि करमणुकीला लगाम घालावा की नाही, असा विषय. एक वक्ता म्हणाला, लोक शहाणे असतात, त्यांना खरंखोटं कळतं, सरकारने मध्ये पडू नये. दुसरा म्हणाला, लोक भोळे असतात, सरकारने मध्ये पडलंच पाहिजे. दोघंही लोकांबद्दल असे बोलत होते जणू ते लोक शेजारच्या गावात राहतात. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. घसा बसलाय असं सांगून मी खाली बसलो. घसा माझा ठणठणीत होता. जे बोललो नाही ते इथे लिहितो, कारण कागदासमोर मला कधीच लाज वाटली नाही. तीच तर माझी खोड.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. वऱ्हाड कागदावर निजामाचा, कारभार नागपूरच्या सरकारचा. आम्ही अकोल्याचे माळी. मोर्णा नदीच्या काठाला आमचा मळा होता. दोन मोटांची विहीर, वांगी, मेथी, बांधाला संत्र्याची पंधरा-वीस झाडं आणि उरलेल्या रानात फुलं. फुलांचा कारभार आत्याकडे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर दीड वर्षात विधवा होऊन ती भावाकडे परत आली आणि पुढचा सगळा जन्म हार गुंफत राहिली. मोगऱ्याची कळी आज उमलणार की उद्या, हे ती झाडावरच ओळखायची. संध्याकाळच्या गजऱ्यात उद्याची कळी गेली तर वास येत नाही, कालची गेली तर गजरा केसात घालेपर्यंत पिवळा पडतो. जठारपेठेतल्या वकिलांच्या घरी तिचेच गजरे जात. माझं शिक्षण त्या गजऱ्यांवर झालं. घरात लिहितावाचता येणारा मी पहिला, आणि तो आपण केला, हे ती समोरच्याने विचारलं नाही तरी सांगायची.

मी एका साप्ताहिकाच्या छापखान्यात कामाला लागलो. घरी सांगितलं की मी पेपरात लिहितो. ते अगदीच खोटं नव्हतं. पेपर शुक्रवारी निघायचा. त्या दुपारी मी एक अंक घरी आणायचा आणि विहिरीजवळच्या निंबाखाली बसून मोठ्याने वाचायचा. वाचायची आमच्या घरची रीत पोथीची होती. पोथी कशी मधली पानं सोडून वाचत नाहीत, तसा पेपरही पहिल्या ओळीपासून वाचायचा तो थेट 'अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' या शेवटच्या ओळीपर्यंत. मग आत्या तो कपाळाला लावायची. एकदा कंटाळून मी जाहिराती गाळल्या. आत्याने हातातला हार खाली ठेवला.

"काहून रे बाबू, आज कोनतं पान गियलं?"

"नाही आत्या, सगळं वाचलं."

"खोटं नको बोलू. पेपर सरेपर्यंत माहे चार हार होतात. आज तीनच झाले."

त्यानंतर मी कधी काही गाळलं नाही.

आमच्या संपादकांना, जे मालकही होते, सरकारची फार भीती. सरकारने छापखान्याकडून जामीन घेऊन ठेवलेला होता, आणि लिहिण्यात काही वावगं सापडलं तर तो जप्त व्हायचा. दर अंकाच्या प्रती कचेरीत जायच्या. तिथे एक कारकून तांबडी पेन्सिल घेऊन त्या अक्षर न् अक्षर वाचत असे. एकदा उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बातमीत आम्ही 'लोक खवळले आहेत' असं छापलं. तांबडा गोल आला. पुढच्या अंकात खुलासा छापला, की लोक विचारात पडले आहेत. गावाबाहेर तंबूत बोलपट यायचा, तर आधी पोलिसांचा माणूस खुर्ची टाकून तो पाहून जायचा आणि कुठे तिरंगा झेंडा फडकताना दिसला की तेवढी फीत कापायला लावायचा. त्याच तंबूत मध्यंतरात एका डोळ्यांच्या औषधाच्या जाहिरातीची काच दिव्यापुढे धरून पडद्यावर दाखवत. तिला कुणी हात लावला नाही.

ते औषध आमच्याच पेपरात दर आठवड्याला झळकायचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याची जाहिरात मी आयुष्यात पुरेशी केली. औषध बनवणारा वैद्य आम्ही कुणी पाहिला नव्हता. त्याचा एक माणूस यायचा, पान खाऊन ओठ लाल केलेला, बोलायला गोड; आम्ही त्याला पानवालाच म्हणायचो. वैद्याला पत्ता नव्हता म्हणून पत्ता आमच्या छापखान्याचा. बाटल्यांचं कपाटही आमच्याच खोलीत. औषधाने गुण आल्याची पत्रं जाहिरातीत छापायची असत आणि ती पत्रं कुठून येत नसत. ती मी लिहायचा. मूर्तिजापूरचा गुरुजी मीच, दर्यापूरचा पाटील मीच. हात बसला होता माझा त्यात. संपादक म्हणायचे, "अग्रलेखापेक्षा तुझी पत्रं वाचली जातात." मला ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

पथ्याची अक्कल त्या पानवाल्याने शिकवली. "पथ्य एकदम सख्त ठेवा, भाऊ. गुन नाही आला तर आपल्याले म्हनता येते, पथ्य मोडलं." म्हणून मी लिहिलं, चाळीस दिवस आंबट पूर्ण वर्ज्य, एक दिवसही खंड नको. वऱ्हाडातल्या घरात अंबाडीची भाजी, चिंचेचं सार आणि कढी यांच्यापासून चाळीस दिवस कुणाची सुटका होत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर लिहिलं.

त्या साली आत्याच्या गजऱ्यात कालच्या कळ्या यायला लागल्या. एका वकिलाच्या बायकोने गजरा परत पाठवला, तेव्हा आत्या दिवसभर त्यातली एकेक कळी बोटांनी चाचपत बसली. अमरावतीचा एक डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदा अकोल्याला यायचा. वडिलांनी तिला दाखवलं. तो म्हणाला, मोतीबिंदू आहे, जरा पिकू द्या, चार-सहा महिन्यांनी अमरावतीला आणा. काढून टाकू, चष्मा देऊ, बाई पुन्हा सुईत दोरा ओवतील. इतकं सरळ होतं ते. पण आत्याच्या सासूचा डोळा एका फिरत्या माणसाने बाजारात बसून सुईने उघडला होता आणि त्यातून पू वाहताना आत्याने पाहिला होता. घरी आल्यावर ती विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी उभी राहून म्हणाली, "डोयाले सुरी लावून घेन्यापरीस मी हे इहीर जवय करीन."

मी तिथेच होतो. वडील तिची समजूत घालत होते, आणि मी मनात ते वाक्य टिपून घेत होतो. त्या आठवड्याचं पत्र मला सुचत नव्हतं.

शुक्रवारी ते छापून आलं. मूर्तिजापूर तालुक्यातली एक माळीण लिहिते. हार गुंफून पोट भरते. नजर गेली. लोक म्हणाले सुरी लाव, मी म्हणाले त्यापेक्षा विहीर जवळ करीन. तीन बाटल्या घातल्या, आता सुईत दोरा मीच ओवते. मी निंबाखाली बसून हे वाचलं. ते गाळता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गाळायची माझी इच्छाही नव्हती. आत्याची सुई थांबली.

"थांब. वापस वाच."

मी परत वाचलं.

"पाह्यलं का दादा?" ती वडिलांना म्हणाली, "माह्या तोंडातलं बोलनं! तिकडं मूर्तिजापूरच्या बाईच्याबी मनात तेच आलं. इहीर म्हनली ते. देवानंच धाडलं हे."

मी लिहिलंय ते, एवढे तीन शब्द होते. मी बोललो नाही. एक तर पेपर म्हणजे पोथी असं मानणाऱ्या घरात मला सांगावं लागलं असतं की पोथी मी खोटी लिहितो. आणि दुसरं कारण त्याहून वाईट. मला बरं वाटलं होतं. जिच्या तोंडचं वाक्य उचललं तिलाच ते खरं वाटावं, इतकं आपण चांगलं लिहितो, असं मला वाटलं. बाटली मीच आणून दिली, छापखान्यातल्या कपाटातून. आत गुलाबपाणी असेल, कापूर असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारलं कुणाला नाही.

दोन-तीन आठवड्यांनी छापखान्यात खरी पत्रं यायला लागली. औषधाने डोळ्यांची आग होते, डोळे सुजतात, काय करावं. सहा-सात पत्रं असतील. ती सगळी मी वाचली. आत्या दुपारची पाटाच्या पाण्याने डोळ्यांवर सपके मारते, तेही मी पाहिलं होतं. पानवाला आला, पत्रं चाळली आणि म्हणाला, "याचा बंदोबस्त करा, भाऊ. बोंब व्हाले नको." मी अर्ध्या तासात बंदोबस्त केला. 'औषध घातल्यावर आग होणे हीच गुणाची खूण आहे. आग जितकी अधिक, तितका मळ लवकर सुटतो. आगीला भिऊन औषध सोडणारे पुढे पस्तावतात.' संपादकांनी वाचून 'वा' म्हटलं आणि ते ठळक टायपात घ्यायला सांगितलं. खिळे मी स्वतः जुळवले.

त्या शुक्रवारी घरी पाहुणे होते. माझ्यासाठी धामणगावची मुलगी सांगून आली होती, तिचे वडील आणि मामा मला पाहायला आले होते. आत्याने त्यांना पाण्याच्या आधी माझी थोरवी पाजली. "आमचा बाबू पेपरात लिहिते." मामा म्हणाला, "मंग वाचा ना तुमचा पेपर. धामनगावले आमाले दोन दिवसांनी भेटते."

मी वाचायला बसलो. समोर पाहुणे, बाजूला वडील, आणि हार मोजणारी आत्या. मी वाचलं. आग होणे हीच गुणाची खूण. आवाज चांगला लावला होता, पाहुण्यांसाठी. आत्याने तोंड माझ्याकडे वळवलं. तिचे डोळे मिरची चोळल्यासारखे लाल होते, पापण्यांना चिकटा धरला होता.

"बाबू, लय आग होते रे. मी सोडून देनार होती उद्यापासून. हे खरं हाय ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक शब्द पुरला असता. तिचे डोळे त्या दिवसापर्यंत वाचण्यासारखे होते, हे पुढे डॉक्टरचं बोलणं ऐकल्यावर मला कळून चुकलं. मी म्हणालो, "छापलं हाय ना, आत्या."

"हो ना," मामा म्हणाला, "छापलेलं कायले खोटं राहीन?"

आत्या हसली. पाहुण्यांना मी पसंत पडलो.

साखरपुड्याला पंगतीत कढी होती. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून आत्याने एक वाटी घेतली आणि घेताना कानाला हात लावला. पथ्य मोडल्याची ती एक वाटी. बाकी तिने काही मोडलं नाही. औषध सकाळ-संध्याकाळ घातलं, आग जास्त झाली तर एक थेंब वाढवला. मी रोज पाहत होतो. जेवताना तिच्यासमोर बसत होतो आणि भाकरी चांगली जमली असं म्हणत होतो. पुढच्या महिन्यात एका सकाळी ती मोगऱ्याच्या वाफ्यातून परत आली तेव्हा टोपलीत कळ्यांपेक्षा पाला जास्त होता. तिने टोपली वडिलांपुढे ठेवली आणि विचारलं, "आज धुकं हाय का रे दादा?" चैत्रातलं ऊन भाजत होतं.

वडील आणि मी तिला गाडीने अमरावतीला घेऊन गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना ती माझा हात धरून चालत होती आणि लोकांना सांगत होती, "पुतन्या हाय माहा, पेपरात लिहिते." डॉक्टरने तिला उजेडाकडे वळवलं, बराच वेळ पाहिलं, आणि आम्हाला म्हणाला, "मोतीबिंदू मी काढला असता. पण वरचं बुबुळच भाजून पांढरं झालंय. आता आतला पडदा काढून काय उपयोग? काय घातलं यात?" मी बाटली पुढे केली. "हे कुणी सांगितलं घालायला?"

उत्तर आत्याने दिलं, आणि अभिमानाने दिलं. "आमच्या बाबूच्या पेपरात होतं."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने हात धुतले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

घरी आल्यावर वडिलांनी बाटलीच्या तोंडाशी सुकलेला थर नखाने खरवडला. निळा होता. त्यांनी तो जिभेला लावला आणि थुंकले. "हे तं मोरचूद हाय. संत्र्याले कीड लागली का मी मारतो ते." मग मला विचारलं, "तुले मालूम होतं?" मी नाही म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं. वडील पुढे काही विचारणार, तेवढ्यात ओसरीवरून आत्या बोलली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मोरचूदानं झाडाचं वाईट होते का दादा? कीड मरते अन् झाड सुधरते. डोयातलीबी मेलीच असती. माह्यंच चुकलं. मी कढी खाल्ली."

वडील बिनशिकलेले, पण मळेकरी होते. मोरचुदाचं पाणी करताना चुना किती घालायचा, नाही तर पान करपतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते उठून मोटेवर गेले. त्यानंतर शुक्रवारी ते निंबाखाली येऊन बसले नाहीत.

मी कचेरीत गेलो. एवढं एक मी केलं, आणि ते सांगतो, कारण सत्कारात सांगण्यासारखं ते एकच आहे. तांबड्या पेन्सिलीच्या कारकुनापुढे मी आमचाच अंक ठेवला आणि म्हणालो, ही जाहिरात बंद करा, याने माणसं आंधळी होतात. त्याने जाहिरात वाचली. अगदी लक्ष देऊन वाचली.

"यात सरकारविरुद्ध काय आहे?"

"सरकारविरुद्ध काही नाही. लोकांविरुद्ध आहे."

"ते माझ्याकडे नाही," तो म्हणाला. मग चष्मा वर करून त्याने मला न्याहाळलं. "तुम्ही त्याच छापखान्यात ना? तुम्हीच छापता आणि आम्ही अडवायचं? तुम्हाला छापा म्हणून कुणी सक्ती केली होती?" तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने मला कोरा कागद दिला. "अर्ज लिहा. औषध कोण करतो, जाहिरात कोण लिहितो, सगळी नावं घाला, खाली सही करा. साहेबांपुढे ठेवतो. पुढे काय व्हायचं ते होईल." मी कागदापुढे बसलो. वैद्याचं नाव मला माहीत नव्हतं. जाहिरात लिहिणाऱ्याचं माहीत होतं. माझं लग्न पंधरा दिवसांवर होतं. उद्या येतो असं सांगून मी उठलो. कारकुनाने मान हलवली आणि जाता जाता विचारलं, "खरंच आंधळी होतात? माझ्या वडिलांसाठी मी एक बाटली घेणार होतो."

तर त्या परिसंवादातल्या मंडळींना माझं सांगणं असं. सरकारचा लगाम आम्हाला होता. दोन्ही बाजूंनी काचत होता. 'खवळले' हा शब्द त्याने पकडला आणि मोरचूद सोडलं, कारण लगाम ज्याच्या हातात असतो तो स्वतःला लागेल तिथेच खेचतो. म्हणून सरकार मध्ये नको म्हणता? मग नको. पण मग लोकांना खरंखोटं कळतं, हे माझ्या आत्यासमोर बसून, तिच्या त्या पांढऱ्या डोळ्यांत पाहून सांगा. तिला मोगऱ्याची कळी कळत होती. तुम्हा-आम्हाला ती कळत नाही, म्हणून आपण स्वतःला अडाणी म्हणत नाही; मग छापलेल्यातलं खरंखोटं कळलं नाही म्हणून तिलाही म्हणू नका. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहायला लावणारं, आणि खोटं छापणाऱ्याला तुरुंगात घालणारं सरकार मला हवं होतं. त्याने पहिल्यांदा मलाच धरलं असतं. धरायला हवंच होतं. मी बावीस वर्षांचा होतो, एका थपडेत सरळ झालो असतो.

लग्न झालं. आत्याने माझ्या मुंडावळ्या स्वतः गुंफायचा हट्ट धरला, पण जमेना. सुई बोटात जायची. शेवटी विकतच्या आणल्या. तिला झेंडूचे देठ तोडायच्या कामावर बसवलं. एका शुक्रवारी पेपर वाचून संपला, तिने तो कपाळाला लावला, आणि म्हणाली, "बाबू, माह्यं एक पत्र छापशीन का?"

मी कागद घेतला. तिने सांगितलं ते मी उतरवून घेतलं. मी अकोल्याची माळीण. मी हे औषध घातलं. औषध चांगलं आहे. पण मी पथ्य मोडलं, पुतण्याच्या साखरपुड्यात एक वाटी कढी खाल्ली, म्हणून माझे डोळे गेले. यात औषधाचा दोष नाही. बायांनो, तुम्ही पथ्य मोडू नका. आग झाली तरी सोडू नका. माझ्यासारखं करून घेऊ नका. मग तिने विचारलं, "पुरे ना? लोकायचं भलं होईन नं यानं?"

कागद मी तीन आठवडे खिशात ठेवला. दर शुक्रवारी शेवटच्या ओळीनंतर ती थांबायची आणि म्हणायची, "माह्यं नाई आलं." न छापता नुसतं वाचून दाखवणं सोपं होतं. ती आंधळी, वडील जवळ बसत नव्हते. पण हातात पेपर धरून त्यात नसलेली ओळ वाचायला माझी जीभ वळेना. ज्याने दोन वर्षं खोटं छापलं, त्याला खोटं वाचायची लाज वाटली. म्हणून मी ते छापलं. पानवाल्याने चौकट घालायला सांगितली. एकही शब्द बदलावा लागला नाही. आमच्या पेपरात आलेलं ते पहिलं खरं पत्र.

शुक्रवारी मी ते वाचलं. आत्याने दोनदा वाचून घेतलं आणि पेपर बराच वेळ कपाळाशी धरून ठेवला.

त्या महिन्यात औषधाची मागणी वाढली. पाकिटं फोडायचं काम माझंच होतं. दर्यापूरकडच्या एका माणसाने बायकोसाठी तीन बाटल्या मागवल्या होत्या. त्याने लिहिलं होतं, 'असल्या जाहिरातींवर आमचा विश्वास नव्हता. गुण आला म्हणून कोणीही लिहील. पण त्या आंधळ्या बाईंचं पत्र वाचलं. डोळे गेले तरी ज्या औषधाला बोल लावत नाहीत, त्या खोटं कशाला सांगतील?'

मी कपाट उघडलं, तीन बाटल्या काढून भुशात नीट बांधल्या, आणि सोबतच्या चिठ्ठीवर पथ्य लिहून दिलं.